विशाखाताईंचा फळा

आमच्या घराला कुलूप होतं, पण ते लावायची पद्धत विशाखाताईंनी आणली. विशाखाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. त्या लग्न होऊन महाडला आल्या तेव्हा घराची किल्ली खिडकीच्या चौकटीवर असायची आणि ती तिथे असते हे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंनी आठवड्याच्या आत ती किल्ली उचलली. सासूबाई दासगावच्या, सावित्रीच्या काठावर वाढलेल्या. त्यांनी लगेच विचारलं, "आनि आपन घरात नसताना पानी चढलं तर? सामान माळ्यावर कोन टाकंल गो?"

प्रश्न खोटा नव्हता. नदी बाजारात शिरते तेव्हा महाडात ज्याच्या हाताला जे दार लागेल ते उघडून तो आतलं सामान वर चढवतो. कुणाचं घर, कुणाचं सामान, हे पाणी ओसरल्यावर बघायचं. ताईंनी विचार केला आणि किल्ली समोरच्या काकूंकडे दिली, फक्त त्यांच्याकडे. वर बजावलं, की किल्ली तुमच्याकडे आहे हे कुणाला सांगायचं नाही. काकूंनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला सांगितलं. ताई त्यावरून बरेच दिवस काकूंशी तुटक बोलत होत्या.

गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ताई कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. विभाग म्हणजे ताई, एक कपाट आणि एक पंखा. पुढे सायबर सुरक्षा हा शब्द आला, तेव्हा ती जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. पंखा तोच राहिला. मी त्याच हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत बसते. मला तिथे त्यांनी लावलं नाही, हे त्या सगळ्यांना सांगत. मीही सांगते, कारण ते खरं आहे आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

उंच, सडसडीत बाई. चष्मा गळ्यात दोरीला, आणि तरी तो शोधत फिरायची सवय. चालताना चपलांचा आवाज यायचा आधी, बाई मागून. त्या आवाजावर आमच्याकडची माणसं कॉम्प्युटरला चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या काढून तोंडात टाकत असत, असं वॉर्डातल्या सुमनमावशी सांगतात. तोंडात टाकताना मी कुणाला पाहिलेलं नाही. ब्लाऊजमध्ये टाकताना पाहिलंय.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: "कोण म्हणतंय?" घरात असो की हॉस्पिटलात, पहिला शब्द तोच. "ताई, गॅस संपला." "कोण म्हणतंय?" "ताई, उद्या सुट्टी आहे." "कोण म्हणतंय?" माझे दीर, म्हणजे त्यांचे यजमान, एकदा म्हणाले, "मी मेलो असं सांगायला कुणी आलं तरी ही आधी ओळखपत्र मागेल." ताई जागच्या न हलता म्हणाल्या, "मागायलाच पाहिजे."

हा प्रश्न त्यांनी सासूबाईंनाही शिकवला. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला काय सांगायचं, पोलीस आहे म्हणणाऱ्याला काय, याची तालीमच घेतली. मग एकदा ताई पनवेलला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन बंद पडला. कुणाच्या तरी फोनवरून त्यांनी घरी फोन लावला, कपाटातल्या आधार कार्डावरचा नंबर हवा होता. सासूबाईंनी उचलला.

"कोन बोलतंय?"

"आई, मी विशाखा."

"विशाखा घरात हाय. माझ्याम्होरं बसून तांदूळ निवडते."

"अहो आई, मीच विशाखा! आवाज ओळखत नाही का?"

"आवाज सगळ्यांना काढता येतो. माझी सून असशील तर घरला ये नि नंबर घेऊन जा." आणि फोन ठेवला.

काम न होताच ताई परत आल्या. मला वाटलं आता घरात भांडण. मी पोरांना शेजारी पाठवून ऐकायला बसले. ताईंनी पिशवीतून जिलबीचा पुडा काढला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला. "अख्ख्या महाडात माझी एकच विद्यार्थिनी पास झाली," म्हणाल्या.

मार्च महिन्यात सत्याग्रहाच्या दिवसासाठी तळ्यावर येणाऱ्या पाहुण्यांनी आमचं घर भरतं. नागपूरचे, जालन्याचे, मुंबईचे; नातं विचारायचं नाही, जागा द्यायची. आल्या आल्या पाणी, आणि पाण्यापाठोपाठ आता वायफाय मागतात. ताईंनी पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं होतं, आमचं वेगळं. मला ते फार कोतं वाटायचं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आपण दुसऱ्या ताटात वाढतोय असं मी एकदा बोलून गेले. ताईंनी हातातलं काम खाली ठेवलं. वेगळ्या ताटाचा शब्द आमच्या घरात सहज उच्चारायचा नाही, हे मला तोंडातून गेल्यावर कळलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "ताट एकच आहे गं. फक्त त्यांच्या फोनमधलं आपल्यात नको आणि आपलं त्यांच्यात नको." आणि जरा थांबून, "आपल्याला चुकायची सोय नाही, रंजू. दुसऱ्याचं चुकलं तर चुकलं म्हणतात. आपलं चुकलं की सगळ्यांना आधीपासून माहीतच असतं."

त्या कडक का होत्या, याचं उत्तर मला वाटतं एवढंच होतं. हॉस्पिटलातल्या त्या जागेवर बसलेल्या आमच्या समाजातल्या त्या पहिल्या बाई. कोण टपून बसलंय, कोण नाही, ते त्यांना पक्कं माहीत होतं आणि मला पुसटसं. शिवाय वडील शाळामास्तर. ज्याचं गणित चुकेल त्याचं नाव ते फळ्यावर लिहीत. "माझं नाव एकदाच लागलं," ताई सांगायच्या. "परत लागू दिलं नाही." अभिमानानं सांगायच्या.

एका मोठ्या पुरात हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर चिखलात गेले. त्यानंतर ताईंनी ट्रस्टच्या मागे लागून गच्चीवर एक खोली बांधून घेतली आणि रोजच्या सगळ्या नोंदींची नक्कल ठेवणारं मशीन तिथे नेऊन बसवलं. पूर्वी त्या नक्कल झाली की वायर काढून ठेवत. आता त्यांनी वायर कायमची जोडून टाकली, म्हणजे पाण्यामुळे कुणी हॉस्पिटलात पोचलं नाही तरी नक्कल होत राहील. दिसायला चोख व्यवस्था. महाडचं माणूस सुरक्षित म्हणजे काय म्हणतं? वर. जे वर गेलं ते वाचलं. येणाऱ्या जाणाऱ्याला ताई ती खोली दाखवायला न्यायच्या. "इथे पाणी येऊच शकत नाही." सगळे माना डोलवायचे. मीही डोलवली.

याशिवाय एक दुसरी नक्कल होती. ती एका डिस्कवर, आणि ती डिस्क शनिवारी एस.टी.नं पोलादपूरला जायची, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात. वरच्या पुडात चटणी-भाकरी, खालच्या पुडात हॉस्पिटल. पोलादपूरला आमच्याच ट्रस्टचं छोटं डायलिसिस केंद्र आहे. तिथल्या कपाटात ताई नवी डिस्क ठेवायच्या आणि जुनी घेऊन यायच्या. हा त्यांचा जुना हट्ट होता. त्याला सगळे हसत.

आता फळा.

हजेरीच्या मशीनशेजारी एक पांढरा बोर्ड होता. बाकी सगळे त्याला बोर्ड म्हणत, ताई एकट्या फळा. त्यांनी कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. म्हणजे त्या स्वतःच खोटे मेल पाठवायच्या. कुणी त्यावर बोट ठेवलं की पडद्यावर यायचं, 'तुम्ही फसलात', आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव फळ्यावर, 'या महिन्यात फसलेले' या मथळ्याखाली, लाल अक्षरात. हाडांचे डॉक्टर गोव्याच्या परिषदेच्या आमंत्रणाला फसले आणि भयंकर संतापले. ताई म्हणाल्या, "महिना संपला की पुसते." मी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या दिवाळी भेटीला फसले. आपली जाऊ म्हणून सवलत मिळेल असं वाटलं होतं. माझं नाव सगळ्यात वर होतं. ते सासूबाईंना मटणाच्या दुकानात कळलं. घरी येऊन म्हणाल्या, "बोर्डावर नाव लागलं म्हने तुझं? धाव्वीला नाय लागलं, आता लागलं. बरं झालं."

सकाळी हजेरी लावताना सगळे आधी बोर्ड वाचायचे आणि हसायचे. माझं नाव नसेल त्या महिन्यात मी जरा मोठ्यानं हसायचे.

आणि उपाय लागू पडला. नावं कमी होत गेली. ट्रस्टच्या अध्यक्षांनी, एका निवृत्त हेडमास्तरांनी, सभेत ताईंचं कौतुक केलं. आणखी एक गोष्ट कमी झाली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. पूर्वी दिवसातून एखादा तरी फोन यायचा: "ताई, असं काहीतरी आलंय, काय करू?" ते फोन बंद झाले. ताईंना वाटलं, शिकले.

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी माझ्या खिडकीतला पडदा काळा झाला. वर इंग्रजीत काहीतरी, खाली उलटं चालणारं घड्याळ. मी ओळखलं: ताईंची परीक्षा! या वेळी मी फसणार नव्हते. कशालाही हात न लावता हाताची घडी घालून बसले. समोर रांग वाढत होती, मी मंद हसत होते. शेजारच्या औषधाच्या खिडकीतला विकास खुणेनंच म्हणाला, 'माझ्याकडेपण आलंय.' मी खुणेनंच म्हटलं, 'हात लावू नको.' तिकडे लॅबमध्येही सगळे असेच बसले होते. अख्खं हॉस्पिटल परीक्षेत पहिलं यायला टपलं होतं.

मग चपलांचा आवाज न होता ताई आल्या. अनवाणी. "वायरी काढा! सगळ्यांच्या वायरी काढा!" त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणाले, "म्हणजे परीक्षा नाही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात रागापेक्षा दुसरंच काहीतरी होतं.

त्या जिना चढून गच्चीवर गेल्या. मी मागोमाग. गच्चीवरच्या खोलीत पंखा चालू होता, मशीनचा हिरवा दिवा चालू होता, आणि आतली प्रत्येक नोंद कुलूपबंद. किल्ली दुसऱ्याच कुणाकडे, जगाच्या कुठल्या टोकाला कोण जाणे. ताई खुर्चीवर बसल्या. "पाणी नव्हतं ना, रंजू," म्हणाल्या. "वायरीनं आलं. आणि वायर मी जोडून ठेवली होती."

ज्यांनी हे केलं होतं त्यांनी पैसे मागितले. ताईंनी देऊ दिले नाहीत. पोलादपूरच्या कपाटातली डिस्क कशाला जोडलेली नव्हती म्हणून तेवढी वाचली. आदल्या शनिवारपर्यंतचं सगळं तिच्यात होतं. त्यानंतरचं गेलं. ऐकायला थोडंसं वाटतं. पण त्या थोड्या दिवसांत रक्त तपासलेल्या सगळ्यांना परत बोलवावं लागलं. पोलादपुराकडची एक म्हातारी हात पुढे करून म्हणाली, "परवा तं घेतलंन रगात. पुन्यांदा कशाला? सांडलंव काय?" हात जागोजाग निळा होता. मी केसपेपर हातानं लिहीत होते, मान खालीच ठेवली. आणि कुणाला कुठला आजार आहे, कुणी कसली तपासणी केली, हे सगळं कुणीतरी घेऊन गेलं असेल, याची तर मोजदादच नव्हती. बाजारातून जाताना लोक माझ्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं, यांची नोंद माझ्याच हातची होती.

पुण्याहून मदतीला माणसं आली. त्यांनी दोन दिवसांत मुळाशी हात घातला: सुरुवात मंगळवारी, पोलादपूर केंद्रातल्या, आमच्या हॉस्पिटलाशी जोडलेल्या कॉम्प्युटरवरून. तिथे नीलम नावाची टेक्निशियन होती, कुडपणची. डोंगरावरच्या त्या गावातून शिकून नोकरीला लागलेली, भरती झाल्यापासून रजा न मागितलेली पोरगी. डायलिसिसचं सामान पुरवणाऱ्यांच्या नावानं बिल आलं, तिनं ते उघडलं, पडदा एकदा लुकलुकला, बिल काही दिसलं नाही. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि गप्प बसली. मंगळवार ते गुरुवार. तेव्हाच सांगितलं असतं तर एक वायर काढून भागलं असतं.

हे कळलं तेव्हा ताई लॅबमध्ये उभ्या होत्या. त्यांनी मला नीलमला फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर टाकला. सगळ्यांसमोर त्या तिला जे बोलल्या ते मी लिहिणार नाही. पलीकडून फक्त "मॅडम... मॅडम..." येत होतं. मग समोर पडलेलं पेन उचलून त्या तरातरा फळ्याकडे गेल्या आणि फळाभर लिहिलं: नीलम, पोलादपूर. मथळाबिथळा नाही. नुसतं नाव, हात लांब करून लिहावं लागेल एवढं मोठं.

संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर होता.

सोमवारी नीलमचे वडील आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात पिशवी, पायात चिखल. जीप मिळाली नसावी. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "कॉम्प्युटरच्या म्याडम कुठं हायत?" मी त्यांना घेऊन गेले. वाटेत बोर्ड लागला. त्यांनी थांबून एकेक अक्षर वाचलं.

ताई बाहेर आल्या. ते हात जोडून म्हणाले, "बाय, माझ्या पोरीनं चुकी केली. तुमचं नुकसान झालं. तिला बोला, कामावरना काढा, माझं काय म्हननं नाय. पन नाव पुसा न." ताईंची नजर फळ्याकडे गेली. "आमच्या गावातल्या बोर्डावर नाव लागतं ते मानूस गेल्यावर. फोटो आला तसा पोरांनी वाचून दावला, नीलमचं नाव बोर्डावर लागलं. तिच्या आजीनं हंबरडा फोडलान. पोरगी घरात, समोर उभी, तरी म्हातारी गप होईना."

ताईंनी फळा पुसायचं फडकं घेतलं आणि पुसायला लागल्या. नाव जाईना. रागाच्या भरात त्यांनी उचललेलं पेन फळ्याचं नव्हतंच. ते लॅबमधल्या बाटल्यांवर पेशंटची नावं घालायचं, न पुसलं जाणारं. त्या घासत होत्या, नाव तसंच. बाजूला माणसं जमली. सुमनमावशी न सांगता वॉर्डात गेल्या आणि स्पिरिट नि कापूस घेऊन आल्या. ताई एकेका अक्षरावर कापूस फिरवत होत्या, शाई पसरत होती, बोटं काळीनिळी होत होती. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "नको. माझं मला करू दे." कुणी हसलं नाही. कुणी गेलंही नाही. नीलमचे वडील टॉवेल हातात घेऊन शेवटपर्यंत उभे होते, एखाद्याच्या घरी दुःख झाल्यावर उभं राहावं तसे.

नाव गेलं; निळसर डाग राहिला. ताईंनी त्याच दिवशी फळा काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात ट्रस्टची सभा झाली. खिडकीचं काम कसं चाललंय ते सांगायला मलाही बोलावलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "पोलादपूरच्या मुलीला काढावं, असं सगळ्यांचं मत आहे. विशाखाबाई, तुमचा अहवाल?"

ताई उभ्या राहिल्या. "गच्चीवरच्या मशीनची वायर मी कायम जोडून ठेवली. ही माझी चूक, लेखी दिली आहे. मुलीनं मेल उघडलं. तसं मेल आज तुम्हाला आलं तर तुम्हीही उघडाल, सर."

"पण तिनं लपवलं!"

"हो. का लपवलं ते कुणी विचारलं नाही. मीपण नाही. वर्षभर मी या हॉस्पिटलात चुकलेल्या माणसाला भिंतीवर टांगत होते. मग माणूस चुकल्यावर माझ्याकडे कशाला येईल? तिला काढलंत, तर इथला प्रत्येक जण एवढंच शिकेल, की पुढच्या वेळी जास्त चांगलं लपवायचं."

एक सभासद म्हणाले, "म्हणजे जबाबदार कोण लिहायचं?"

"माझं लिहा."

मागच्या रांगेतून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आम्हाला माहीतच होतं." ताईंनी ऐकलं. मला दिसलं की ऐकलं. त्या खाली बसल्या नाहीत, उत्तर मिळेपर्यंत उभ्या राहिल्या.

नीलमची नोकरी राहिली. ताईंचं प्रमुखपद गेलं. सुरक्षेचं काम पुण्याच्या लोकांकडे गेलं आणि ताई त्यांच्या हाताखाली. पण नीलम कामावर येईना. तिच्या जागी महाडहून रोज कुणीतरी जायचं, पेशंट तिचं नाव काढायचे. एके रविवारी ताई मला म्हणाल्या, "कुडपणला येतेस का? एकटीला तोंड नाही मला."

जीपनं गेलो. वर पठारावर धुकं इतकं, की घर हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. नीलमच्या वडिलांनी घोंगडी टाकली, ताक दिलं. आजी कोपऱ्यातून टक लावून बघत होती. ताईंनी माफी मागितली. तयारी करून आल्या असाव्यात, पण अर्ध्यात शब्द संपले. वडील म्हणाले, "मला कशाला सांगता? तिला सांगा."

नीलम दारात आली. बारकीशी पोरगी, ओढणी बोटाला गुंडाळत उभी. ताई उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना अध्यक्षांसाठीही इतक्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं.

"नीलम, माझं चुकलं."

तिनं बोटाची ओढणी सोडवली. मग म्हणाली, "म्याडम, मंगळवारी मी फोन हातात घेतला होता. तुमचा नंबर काढला पण होता."

"मग?"

"तुमचं नाव दिसलं, नि ठेवला."

परतीच्या वाटेवर ताई जीपच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. पोलादपूर आलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

नीलम पुढच्या महिन्यात कामावर आली. शनिवारी डबा घेऊन ताई जायच्याच. दोघी कामापुरतं बोलायच्या. ताईंना त्यापेक्षा जास्त मागायचा हक्क वाटत नव्हता. घरी त्यांचं ते "कोण म्हणतंय?" पार बंद झालं. गॅस संपला म्हटलं की मुकाट्यानं उठायच्या. दीर म्हणाले, "अगं, एकदा तरी विचार." त्यांनी विचारलं नाही. इतकी वर्षं ज्या प्रश्नाला आम्ही कंटाळलो होतो, त्याच्यावाचून घर सुनं वाटायला लागलं, आणि हे त्यांना सांगायचं कसं ते आम्हाला कळेना.

आता त्या निवृत्त होऊन लेकाकडे पनवेलला असतात. फोनवर बोलणं होतं. पण ताई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या एका सकाळच्या.

त्या भाकऱ्या थापत होत्या, मी डबे भरत होते. फोन वाजला. पडद्यावर नीलमचं नाव. ताईंचे दोन्ही हात पिठात. त्यांनी तसाच उचलला आणि कानाशी धरला. "बोल." मग नुसतं ऐकणं. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी पुढे होऊन काढली. "वायर काढलीस? ... छान केलंस. ... नाही, नाही, रडू नको. काही झालेलं नाही. वेळेत सांगितलंस ना! आता तू चहा पी, मी पुण्याला कळवते आणि निघते."

फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गो? कोनाचा फोन?"

"नीलमचा, आई. तिचं परत चुकलं. आणि तिनं मला फोन केला." मुलगा झाल्याची बातमी सांगावी, त्या आवाजात सांगितलं.

"चुकलं नि तू हसतेस?"

ताईंनी मनगटानं डोळे पुसले. पीठ गालभर लागलं. पदर खोचून, पिशवी घेऊन त्या तशाच एस.टी.च्या वेळेला धावत निघाल्या, आणि गालाला पीठ लागलंय हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.